चमचा नको, कुशीवर वळवा

आम्ही नाट्याहून बोलतोय, राजापूर तालुक्यातल्या. एरवी आम्ही या वेळेला तुमच्याशी हप्ते, व्याज, मसाला नाहीतर आमसुलांचं बोलतो. आज जरा वेगळं बोलायचं आहे. आमच्या हातून झालेल्या एका चुकीपासूनच सुरुवात करतो.

गटाची बैठक चालू होती. शिमगा नुकताच आटोपला होता. पाच-सहा रात्री पालखीच्या मागे गेलेल्या, कुणाचीच झोप पुरी झालेली नव्हती. वही वाचून दाखवत होतो, तेवढ्यात आमच्यातली एक वहिनी बसल्या जागी ताठ झाली, तोंडातून विचित्र आवाज आला आणि ती आडवी झाली. हातपाय झडायला लागले, तोंडाला फेस आला. नाव सांगत नाही, पण हे बोलण्याआधी तिची परवानगी घेतली आहे. ती आत्ता रेडिओ लावून बसली असेल.

मग आम्ही काय केलं? जे आपण लहानपणापासून बघत आलो तेच. एकीने कांदा फोडला. एकीने चप्पल नाकाशी धरली. कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. चौघींनी हातपाय दाबून धरले. आणि दातखीळ सुटावी म्हणून स्टीलचा चमचा दातांत घातला. तो चमचा आम्हीच घातला, समन्वयक म्हणून आम्हालाच जास्त कळतं असं वाटत होतं ना! दोन मिनिटांत फिट आपोआप थांबली. वहिनीचा पुढचा अर्धा दात मात्र चमच्यापाशी पडला होता. दाबून धरलेला खांदा महिनाभर दुखत राहिला.

शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "आता मला गटातून काढाल ना?"

सहा वर्षं ती आमच्या गटात होती. सहा वर्षांत आम्हाला पत्ता नव्हता. तो तिने लागू दिला नव्हता.

आपल्याकडे कुणी आकडी म्हणतं, कुणी फेफरं म्हणतं, आता सगळे फिट म्हणतात. पुस्तकातलं नाव अपस्मार. स्मार म्हणजे स्मृती, आठवण. ती जाते म्हणून अपस्मार. चरकसंहितेत हे नाव आहे, म्हणजे आजार काही आजचा नाही. मेंदूचं सगळं काम बारीक बारीक विजेच्या इशाऱ्यांवर चालतं. त्यात मध्येच एकदम जास्तीची वीज उसळली की फिट येते. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट लपलप करते आणि घरातलं सगळं एकदम बंद पडतं, तसं समजा. थोड्या वेळाने लाईट येते आणि पंखा पूर्वीसारखा फिरायला लागतो. पंख्याला कुणी वेडा म्हणत नाही. या माणसांना मात्र म्हणतात.

हा आजार शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, फेसाला हात लागल्याने होत नाही. तो करणीने होत नाही आणि देवाच्या कोपानेही होत नाही. कारणं निरनिराळी असतात. बाळंतपणात बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, डोक्याला मार बसला, मेंदूज्वर झाला, वयस्कर माणसाला पक्षाघात झाला, यातून होऊ शकतो. काहींच्या घराण्यात असतो. आणि पुष्कळांच्या बाबतीत सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. एक कारण आपल्या हातातलं आहे, ते सांगतो. डुकराच्या मांसातून येणारा एक फीतकृमी असतो. तो माणसाच्या आतड्यात वाढला की त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. तिथून मेंदूत गाठी होतात आणि फिट येते. जन्मात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही हे होतं. म्हणून कोथिंबीर, मुळा, कच्चं खायचं ते सगळं नीट धुवून घ्या आणि हात साबणाने धुवा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. आणि योग्य निदान होऊन औषध मिळालं तर त्यांतले १०० पैकी ७० जण फिटशिवाय जगू शकतात. शंभरात सत्तर! हे आम्ही आशाताईंकडून ऐकलं तेव्हा पहिला प्रश्न हाच पडला, की मग आपल्या वहिनीला का येतात? ती तर गोळ्या घेत होती म्हणे.

घेत होती, पण कशी, ते ऐका. लग्नाआधी माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं. "सांगितलंस तर लग्न मोडेल," अशी आईने तंबी दिली होती. सासरी आल्यावर तिने गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवली. घरात कुणी नसेल तेव्हा हात घालून काढायची. सासूबाई सारवायला अंगणात गेल्या की सकाळची गोळी. संध्याकाळी सगळी घरात, मग संध्याकाळची राहून जायची. गणपतीत मुंबईचे सगळे आले, घरात पंधरा माणसं, की चार-चार दिवस गोळीच नाही. माहेरचा भाऊ औषध आणून द्यायचा, त्यालाही कधी महिना उशीर. आणि ज्या दिवशी गोळी चुकेल त्या दिवसांत नेमकी जागरणं, उपवास, दगदग. फिट यायची ती रात्री झोपेत किंवा परसात एकटी असताना. "चक्कर आली, पाय घसरला," असं सांगायची.

म्हणजे मैत्रिणींनो, औषधात खोट नव्हती, ते लपवावं लागत होतं तिथे सगळी खोट होती. या आजाराचं औषध रोज, त्याच वेळेला घ्यावं लागतं. रक्तात त्याची पातळी राहावी लागते. एक दिवस घेतलं, दोन दिवस नाही, असं केलं तर उपयोग तर नाहीच, उलट एकदम बंद केल्याने जोराच्या फिट लागोपाठ येऊ शकतात.

आता आमची दुसरी चूक. ही सांगायला चमच्यापेक्षा जड जाते. त्या बैठकीनंतर महिनाभराने वहिनीचा कर्जाचा अर्ज होता, आमसुलं आणि कोकमाचं आगळ करायला तीस हजार. तिची परतफेड कधी एक दिवस चुकली नव्हती. पण बैठकीत कुजबुज सुरू झाली. उद्या हिला काही झालं तर हप्ता कोण भरणार? हिच्या हातचं आगळ लोक घेतील का? तोंडावर कुणी बोललं नाही. आम्ही ठरावाच्या वहीत लिहिलं, "पुढील बैठकीत विचार करावा." पुढच्या बैठकीतही तेच लिहिलं. पाच महिने असंच लिहीत राहिलो. कोकमाचा हंगाम निघून गेला. ज्यांच्या घरचा माणूस दारूपायी हप्ता बुडवतो त्यांचे अर्ज त्याच काळात त्याच वहीत मंजूर झाले आहेत, आमच्याच सहीने. वही आहे, खोटं कशाला बोलायचं?

डोळे उघडले ते आशाताईंमुळे. त्यांनी वहिनीला आणि तिच्या नवऱ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. जाताना नवऱ्याला सांगावंच लागलं. तो तास दोन तास गप्प होता. मग म्हणाला, "एवढी वर्षं एकटी सोसत होतीस?" सासूबाईंचं आम्हाला जास्त भय होतं. पण त्यांनी जे केलं ते आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नसतं. त्यांनी गोळ्या तांदळाच्या डब्यातून काढून देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर ठेवल्या. संध्याकाळी दिवाबत्ती केली की सुनेच्या हातावर गोळी आणि पाण्याचा तांब्या. दिवा एक वेळ राहील, गोळी राहत नाही. डॉक्टरांनी औषध तेच ठेवलं, फक्त थोडं वाढवलं. आज एकोणीस महिने झाले, वहिनीला फिट आलेली नाही. म्हणून गोळी बंद करायची का? नाही. ते डॉक्टर ठरवतील, काही वर्षांनी, हळूहळू कमी करत. "बरं वाटतंय" म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

पुण्याच्या यशोदा वाकणकर यांचं नाव काहींनी ऐकलं असेल. लेखक डॉ. अनिल अवचट यांच्या त्या कन्या. त्यांना स्वतःला लहानपणापासून अपस्मार होता. त्यांनी ते लपवलं नाही, उलट त्यावर उघडपणे लिहिलं, बोललं. २००४ मध्ये त्यांनी पुण्यात अपस्मार असणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी स्वमदत गट सुरू केला, संवेदना फाउंडेशन. आपण बचत गटात पैशासाठी एकत्र बसतो, ती माणसं आपल्या आजाराबद्दल बोलायला एकत्र बसतात. आणि आम्हाला सगळ्यात आवडलं ते म्हणजे त्यांनी वधूवर सूचक मंडळही काढलं. तिथे आजार आधीच सांगितलेला असतो, मग तांदळाचा डबा लागत नाही. मुंबईचे मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशननेही शासनाच्या आरोग्य विभागाबरोबर ग्रामीण महाराष्ट्रात मोफत शिबिरं घेतली आहेत. असं शिबिर आपल्या भागात कधी आहे, ते आशाताईंना विचारून ठेवा.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक कायद्याची गोष्ट. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने असं घातलं गेलं होतं की ज्याला वरचेवर वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येतात त्याचं लग्न रद्द ठरवून घेता येईल. वेड आणि अपस्मार एका ओळीत! कितीतरी बायकांना त्या एका शब्दावर माहेरी पाठवलं गेलं. डॉक्टर आणि अपस्माराच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये तो शब्द कायद्यातून काढला गेला. तेव्हा "फिट येते म्हणून लग्नच रद्द" असं आता कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. पण आमचं मत विचाराल तर लग्नाआधी सांगावं. सांगून एखादं स्थळ मोडेल. मोडू दे. लपवून केलेल्या लग्नात बाईचा अर्धा जीव लपवण्यातच जातो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. आमच्या इथल्या एका मुलीने मुलाला चहाचा कप हातात देतानाच सांगितलं, "मला फिट येते, दोन वर्षांत आलेली नाही, गोळी चालू आहे." तो मुलगा आज तिचा नवरा आहे. त्याआधीची दोन स्थळं मोडली होती, हेही खरं.

मुलं होतात का, असं सगळ्या विचारतात. होतात. अपस्मार असलेल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं नीट होतात, बाळंही चांगली असतात. पण दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, दिवस गेल्यावर नाही. काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट नावाचं, पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं. डॉक्टर आधीच औषध बदलून देतात, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करतात. दिवस गेले म्हणून घाबरून स्वतःच सगळ्या गोळ्या टाकून देऊ नका, त्याने आई आणि बाळ दोघांना धोका. बाळाला अंगावर पाजायलाही सहसा हरकत नसते. बाळाला घेऊन खाली बसून पाजावं, आंघोळ घालताना दुसरं कुणी जवळ असावं, एवढं सांभाळायचं. काही बायकांना पाळीच्या आसपास फिट जास्त येतात. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लाजू नका.

आता आपल्याकडचं जगणं. विहीर, चूल आणि समुद्र, तिन्ही जपायच्या जागा. फिट नीट आटोक्यात येईपर्यंत कठडा नसलेल्या विहिरीवर एकटीने पाणी ओढायला जाऊ नका. चुलीपाशी सोबत असू द्या. मोरीची कडी आतून लावू नका. झाडावर, माळ्यावर चढू नका, एकट्याने पोहू नका. वाहन चालवण्याच्या परवान्याच्या अर्जातही फिट येते का हा प्रश्न असतो, तिथे खोटं लिहू नका. पण "हे करू नको, ते करू नको" म्हणत माणसाला कोपऱ्यात बसवणंही बरं नाही. साखरी नाट्याच्या बाजूचा एक तरुण बोटीवर खलाशी होता. फिट यायला लागल्यावर आईने त्याला घराबाहेर सोडणं बंद केलं. आमच्या गटातल्या आपा त्या आईला म्हणाल्या, "अगं, बोटीवर नको पाठवू, पण बंदरावर तरी जाऊ दे." आज तो किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करतो, डिझेलचा आणि बर्फाचा हिशेब ठेवतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बाकीचे खलाशी रिकामे, याच्याकडे मात्र जाळ्यांचा ढीग.

जाँटी ऱ्होड्स नावाचा दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेटवाला होता. आमच्या घरातले पुरुष अजून त्याचं नाव काढतात. १९९२ च्या विश्वचषकात त्याने अंगावर सूर मारून इंझमामला धावबाद केलं होतं. त्यालाही अपस्मार. घरात कुणी "फिटवाल्याला काय जमणार" म्हणालं की एवढं नाव घ्या, पुढचं तेच सांगतील.

देवाचं म्हणाल तर गाऱ्हाणं घाला, नवस करा, दर्ग्यावर चादर चढवा. आम्ही कोण नको म्हणणारे? आम्हीही गाऱ्हाणं घातलंच आहे. फक्त गोळी चालू ठेवून करा. आणि जो कुणी डाग द्यायला, मिरचीची धुरी द्यायला, मारायला सांगेल त्याच्या दारात पाऊल टाकू नका. उपवासाचं म्हणाल तर डॉक्टरांना विचारून. एका आजींनी त्यांच्या नातसुनेला सांगितलं ते आम्हाला पटलं, "तुझा सोमवार मी धरते, तू जेव."

शाळेतल्या मुलांबद्दल एक. फिट म्हणजे नेहमी हातपायच झडतात असं नाही. एखादं मूल बोलता बोलता पाच-दहा सेकंद एकटक बघत राहतं, हाक ऐकू येत नाही, मग काही झालंच नाही असं पुढे चालू. दिवसातून खूप वेळा. त्याला "लक्ष नाही" म्हणून मार बसतो. तोही अपस्मार असू शकतो, दाखवून घ्या. आणि लहान बाळाला तापात आकडी येते ती बहुतेक वेळा वेगळी असते, पण दवाखान्यात न्यायचंच.

आता कागद-पेन्सिल घ्या. नसेल तर नुसतं ऐका, सोपं आहे. समोर कुणाला फिट आली तर आधी घड्याळ बघा. आजूबाजूची कोयता, विळी, स्टोव्ह, दगड बाजूला करा. डोक्याखाली घडी केलेली ओढणी किंवा पदर द्या. गळ्याभोवतीचं सैल करा. झटके कमी झाले की लगेच एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येते, श्वास अडकत नाही. जीभ गिळली जात नाही, ती भीती मनातून काढा. तोंडात चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, गोळी नाही. दाबून धरायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ली काही नको. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून तर चपलेला यश मिळाल्यासारखं वाटतं! पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळ बसा, कपडे ओले झाले असतील तर पदर टाका, बघ्यांना घालवा. पाच मिनिटांहून जास्त चालली, शुद्ध न येताच दुसरी आली, पहिल्यांदाच आली, बाई गरोदर आहे, मार लागला आहे किंवा पाण्यात पडली आहे, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन लावायचा. आणि कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत असेल तर घरच्यांना विचारून डॉक्टरांना दाखवण्यापुरताच काढा, वाडीच्या ग्रुपवर टाकायला नाही.

एवढं सगळं करून ज्यांच्या फिट दोन औषधांनीही थांबत नाहीत, त्यांनी मोठ्या ठिकाणी दाखवावं. काहींच्या मेंदूचं ऑपरेशन करता येतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशी ऑपरेशनं होतात. सगळ्यांना ते लागू पडत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

औषधाचं एक अवघड दुखणं म्हणजे ते संपणं. इथून राजापूर लांब, पावसात एसटीचा भरवसा नाही, मुंबईहून कुणी आणतो म्हणून थांबावं तर तो येत नाही. आम्ही गटात एक साधी गोष्ट केली. हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानावर, ज्यांची हरकत नाही अशांच्या गोळ्या संपण्याची तारीख लिहितो. बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या, सगळ्यांच्या एकत्र. जी कुणी राजापूरला जाईल ती चिठ्ठी घेऊन जाते. आठ दिवस आधी आणायचं, असं ठरलं आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत दोन महिन्यांचं भरून ठेवायचं, सुक्या मासळीसारखं. पहिल्या महिन्यात त्या पानावर फिटच्या गोळ्यांचं एकच नाव होतं. आता चार आहेत. ती तीन नावं वाचली तेव्हा आम्हाला रात्री झोप लागली नाही. इतकी वर्षं शेजारी बसत होत्या.

वहिनीचं कर्ज पुढच्या हंगामाला मंजूर झालं. "पुढील बैठकीत विचार करावा" ही पाच पानं आम्ही फाडली नाहीत, वहीतच आहेत. त्या बैठकीत आम्ही तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माफी राहू दे, दाताचे पैसे गटाच्या खात्यातून द्या." दिले. ठराव केला, सगळ्यांनी सह्या केल्या. तिचं आगळ यंदा मेपर्यंतच संपलं, गणपतीला ठेवलेल्या बाटल्यासुद्धा चाकरमानी आधीच सांगून गेले आहेत.

आमची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारी तीनला असते. कुणाला काही विचारायचं असेल, आणि सगळ्यांसमोर विचारायचं नसेल, तर अर्धा तास आधी या. आम्ही आणि वहिनी दोघी तिथे असतो.